अजून कोणी मत द्यायचे राहिले आहे का?

कार्ड हातात पडले तेव्हा त्याच्या माथ्यावर श्रीकार नव्हता. अशा कार्डाचा पुढचा मजकूर वाचावा लागत नाही. तरी माढ्याच्या कचेरीच्या पायरीवर उभ्याउभ्या मी तो दोनदा वाचला. विष्णुपंत सोलापुरास, मुलाच्या घरी, वारले. पोस्टमन तिथेच घुटमळत होता. "कोण हो, नाना?" त्याने विचारले. "आपले अव्वल कारकून," मी म्हणालो. तो म्हणाला, "म्हंजी आमच्या म्हाताऱ्यानं कुणाला मत दिलं हुतं ते आता कुणालाच कळायचं न्हाय की." मला हसू आले आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आले. असले कार्ड वाचून लगेच फाडून टाकावे अशी आपली रीत. मी ते कोटाच्या खिशात घातले आणि दिवसभर अशिलांशी बोलताना हात त्याच्यावर जात राहिला. आता महिना उलटून गेला, कार्ड अजून फाडलेले नाही. फाडले म्हणजे विषय मिटला असे होईल, आणि विषय मिटलेला नाही.

विष्णुपंत माढ्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि मी त्याच आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणारा वकील. स्वभावाने आम्ही दोन टोके. माझ्या जिभेला हाड नाही हे सारा तालुका जाणतो. विष्णुपंतांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचे. काळा कोट, घट्ट बांधलेला रुमाल, आणि बोलणाऱ्याकडे न बघता समोरच्या दौतीकडे बघत ऐकायची सवय. निवडणुका आल्या की सरकार त्यांना भीमेकाठच्या एका गावी मतदान घ्यायला पाठवी. गावाचे नाव लिहीत नाही, तिथली माणसे हयात आहेत. त्या काळी मतदार म्हणजे ठरावीक सारा भरणारे खातेदार. गावात थोडेच, आणि त्यांतले बहुतेक अंगठेबहाद्दर. ज्याला वाचता येत नाही त्याने साहेबांच्या कानाशी वाकून उमेदवाराचे नाव सांगायचे, आणि साहेबांनी त्या नावापुढे फुली मारून कागद पेटीत टाकायचा. त्यामुळे त्या गावाची सगळी गुपिते विष्णुपंतांच्या उजव्या कानात जमा झाली होती. पाटील ऐन वेळी कोणावर उलटला, सख्ख्या भावाला भावाने कसे फसवले, एकाच्या पंगतीला जेवून दुसऱ्याला मत कोणी दिले... सगळे. त्यातले अक्षर कधी बाहेर आले नाही. आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, थट्टेने म्हणत, "अख्खा गाव यांच्या पोटात आहे, म्हणून तर दोन पोळ्यांवर तिसरी जात नाही." आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण मतदारसंघाचा इतिहास पुढेमागे कोणी लिहील, तेव्हा निवडून आलेल्यांची नावे लिहील, पडलेल्यांची अनामत गेली की राहिली ते लिहील. मला त्या साऱ्या इतिहासातले एकच मत आठवते. ते पेटीत पडलेच नाही.

ते तेवीस सालचे. मुंबईच्या कौन्सिलची निवडणूक होती आणि बायकांना पहिल्यांदाच मत मिळाले होते. त्या गावच्या यादीत एकाच बाईचे नाव होते, 'येसूबाई भ्रतार रामचंद्र'. नवरा साथीत गेलेला, पदरात एक लहान मुलगी, आणि नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर. ती जमीन तिच्या नावावर राहिली तीही सुखासुखी नव्हे. तिचा दीर भगवंता ती आपल्या नावे करून घ्यायला निघाला होता. बार्शीच्या एका वकिलांनी तिची बाजू मांडली म्हणून ते टळले. तेच वकील आता कौन्सिलला उभे होते. त्यांच्याविरुद्ध एक इनामदार उभे होते. आणखीही उमेदवार होते, पण त्या गावात लढत या दोघांचीच. भगवंता इनामदारांच्या जमिनी वाट्याने करी, तेव्हा घरातले मत इनामदारांना जाणार हे त्याने वाड्यावर जाऊन सांगून टाकले होते. आणि मी इनामदारांचा प्रतिनिधी म्हणून चावडीत बसलो होतो. वकीलसाहेबांना त्या गावी प्रतिनिधी नेमायला माणूसही मिळाला नव्हता. म्हणजे आत आम्ही चौघे, विष्णुपंत, तलाठी, मी आणि दाराशी कोतवाल.

येसूबाई दुपारी आली. तोंडावर पदर, मुलीचे बोट धरलेले. मुलगी उंबऱ्याबाहेर थांबली. विष्णुपंतांनी हळू आवाजात रीत समजावून सांगितली. ती उभी. "बाई, नाव सांगा," ते म्हणाले. ती उभीच. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. वकीलसाहेबांचे नाव रामचंद्रराव, आणि तिच्या धन्याचे नावही रामचंद्र! आमच्याकडची बाई नवरा जिवंत असताना त्याचे नाव घेत नाही, आणि तो गेल्यावर तर त्याहून घेत नाही. रामाच्या देवळाला 'मारुतीच्या धन्याचं देऊळ' म्हणणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. विष्णुपंतांनी मग सगळी नावे एकेक करून वाचली. इनामदारांचे नाव झाले, पदर हलला नाही. रामचंद्ररावांचे नाव आले आणि पदराआडची मान खाली गेली. स्पष्ट गेली, सगळ्यांनी पाहिली. विष्णुपंतांनी टाक उचलला. आणि मी हरकत घेतली. नवी सनद होती, कायदा ताजा पाठ होता, आणि माकडाच्या हातात कोलीत म्हणतात ते काही खोटे नाही. "मान हलवणे म्हणजे मत नव्हे. नियमात तोंडाने सांगणे आहे," मी म्हणालो. विष्णुपंतांनी माझ्याकडे बघितले नाही, दौतीकडे बघितले. "हरकत बरोबर आहे," ते म्हणाले. मग तिला म्हणाले, "बाई, एकदाच. माझ्या कानात सांगा. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही."

ती पुढे झाली, वाकली. चावडीच्या आढ्याला पारवे घुमत होते तेवढाच आवाज. मग ती मागे सरली. विष्णुपंतांनी मान खाली घातली आणि तलाठ्याला सांगितले, "लिहा. नाव सांगितले नाही. मत झाले नाही." ती त्यांच्याकडे बघत तिथेच उभी राहिली. पदराआडून बघत होती, पण बघत होती हे कळत होते. तलाठ्याने नोंदीखाली तिचा अंगठा घेतला आणि ती बाहेर गेली.

बाहेर भगवंता होता. ती पायरी उतरेपर्यंत त्याला कळून चुकले होते की तिची मान इनामदारांच्या नावाला नव्हे, दुसऱ्याच नावाला हलली. बातमी फुटली. कशी फुटली... गावात बातमीला पाय फुटतात म्हणतात. "वयनी, मला तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस," तो चावडीसमोर सगळ्या गावादेखत ओरडला. "माज्याच दारात ऱ्हातीस आन माज्याच पोटावर पाय देतीस व्हय?" त्या हंगामात त्याने तिच्या वाट्याच्या रानात औत घातले नाही, तिच्या पिकाला विहिरीचे पाणी सोडले नाही, आणि दिवाळीच्या आधीच ती मुलीला घेऊन बार्शीकडे माहेरी निघून गेली. पुढच्या निवडणुकीच्या आत तापाने गेली असे ऐकले. ही हकीकत मी विष्णुपंतांना सांगितली तेव्हा ते सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला. "आणि मुलगी?" एवढेच त्यांनी विचारले.

सव्वीस सालची यादी आली, त्यात येसूबाईचे नाव तसेच होते. यादी निघते जमिनीच्या खात्यावरून, आणि खाते तिच्याच नावावर होते. भगवंता ती जमीन आता बिनबोभाट करीत होता. बाई मेल्याची वर्दी देऊन वारसाला मुलीचे नाव लावून घ्यायला तो काय खुळा होता? म्हणून कागदावर येसूबाई जिवंत होती. विष्णुपंतांचा एक शिरस्ता असे. मतदान संपताना कोतवालाने दारात उभे राहून तीन हाका द्यायच्या, "कुनी मत द्याचं ऱ्हायलंय का?" तीन हाका झाल्या की पेटीला मोहोर. त्या साली तीन हाका झाल्या तरी ते उठेनात. मी म्हणालो, "पंत, आटोपलं की." ते म्हणाले, "एक नाव उरलंय." मी यादीत डोकावलो. त्यांचे बोट येसूबाईच्या ओळीवर होते. "अहो, त्या वारल्या," मी म्हणालो. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ दाराकडे बघत बसले.

तीस साली तर त्या चावडीत कोणीच फिरकले नाही. त्या उन्हाळ्यात सोलापूर शहरात मार्शल लॉ झाला होता, खेड्यापाड्यांतून त्याच्याच गोष्टी चालल्या होत्या, आणि निवडणुकीवर बहिष्कार पडलेला. इनामदारांची दोनतीन माणसे सकाळीच मत देऊन गेली, मग दिवसभर आम्ही एकमेकांची तोंडे बघत बसलो. मी बडबडून बडबडून थकलो. दुपारी कधीतरी वाऱ्याने दार लोटले गेले. विष्णुपंत दचकून उठले आणि समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाले, "या." कोतवालाने माझ्याकडे पाहिले, मी कोतवालाकडे. विष्णुपंत ओशाळून खाली बसले. त्यानंतर माझ्या लक्षात आले की ते कुठेही बसले तरी उजवी बाजू भिंतीकडे करून बसतात. कचेरीत, माझ्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उजवीकडून कोणी वाकून बोलू लागले की ते अंग चोरत. मी एकदा थट्टा केली, "पंत, कान गहाण टाकलाय की काय?" ते हसले नाहीत. मला त्यांची भीती वाटू लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांच्यापाशी बसले की ती बाईही येऊन बसली आहे असे वाटे.

मग सदतीस साल आले. आता मतदार भरपूर, रांगा चावडीच्या बाहेर गेलेल्या, गाणी, झेंडे, बैलांच्या शिंगांना रंग. मी पुन्हा प्रतिनिधी होतो. या खेपेला दुसऱ्या बाजूने, कारण वकिलाला बाजू नसते, अशील असतो. सकाळच्या गर्दीत बायकांच्या रांगेतून एकजण पुढे आली. तोंडावर पदर. चालण्याची ढब अशी की माझ्या हातातली विडी विझली ते मला कळले नाही. विष्णुपंत खुर्चीवरून उभे राहिले. साहेब मतदारासाठी कधी उभा राहत नाही. कोतवाल म्हातारा झाला होता, त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"नाव?" विष्णुपंतांनी विचारले. "येसूबाई," ती म्हणाली. विष्णुपंतांचे बोट यादीवरून खाली आले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला वेळ लावला. "भ्रताराचं नाव?" त्यावर ती मान वर करून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रामचंद्र."

सोलापूर शहरातून आलेला दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी, नवखा पोरगा, हसून म्हणाला, "वा, बायका सुधारल्या की!" पण गावचा जो जो आत होता त्याला कळले. नवऱ्याचे नाव असे भर चावडीत कोणी बायको घेत नाही. असे नाव मुलगीच घेते, बापाचे. तिला वाटले असेल की नाव बरोबर सांगितले म्हणजे आपण खरी ठरू. आणि नाव सांगितले तिथेच ती पकडली गेली. मेलेल्याच्या नावावर मत देणे हा गुन्हा. हरकत घेण्यासाठीच मला तिथे बसवलेले. विष्णुपंत माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दौतीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितले. "वकीलसाहेब, हरकत?" चारचौघांत ते मला वकीलसाहेब म्हणत. "नाही," मी म्हणालो.

तिने कागद घेतला. कोणाच्या कानाशी वाकायची तिला गरज नव्हती, ती बार्शीला मुलींच्या शाळेत शिकवत होती हे मला मागाहून कळले. पडद्याआड गेली, फुली मारली, कागद पेटीत टाकला. जाताना विष्णुपंतांच्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाली, "आईचं राहिलं होतं." रामचंद्रराव तर केव्हाच वारले होते. तिने कोणाला मत दिले ते देव जाणे. त्या दिवशी कोतवालाच्या तीन हाका झाल्या आणि विष्णुपंतांनी लगेच पेटीवर मोहोर केली. मला वाटले, सुटले बिचारे.

ते सुटले नव्हते. त्याच वर्षी पेन्शनीत निघून ते सोलापुरास मुलाकडे राहायला गेले. मुलगा गिरणीच्या हापिसात, बिऱ्हाड गिरणीजवळच. यंदा उन्हाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा अंथरुणाला खिळले होते, हाडांचा सापळा. मला त्यांनी डावीकडे बसवले. भोंगा झाला, गल्लीतून गिरणीची माणसे गेली, पुन्हा सामसूम झाली, तेव्हा ते म्हणाले, "नाना, त्यांनी नाव घेतलं होतं."

मला आधी कळलेच नाही.

"तेवीस साली. वाकून घेतलं. अगदी हळू, पण घेतलं. मला ऐकू आलं." ते थांबत थांबत बोलत होते. "परक्या बाईनं मेलेल्या धन्याचं नाव घ्यायचं आणि मी ते ऐकायचं... माझी मान आपोआप खाली गेली. वाटलं, ऐकलंच नाही म्हटलं म्हणजे बाईची लाज राहील, आणि मत झालं नाही म्हटल्यावर दीरही काही म्हणायचा नाही. केवढं धाडस करून त्यांनी ते नाव घेतलं असेल हो! आणि मी लिहून ठेवलं, सांगितलं नाही म्हणून. त्यांच्या अंगठ्यासकट. माझ्यापायी त्यांचं घर गेलं, रान गेलं." उशीखालून त्यांनी एक कागद काढला. त्या मुलीला लिहायला घेतलेले पत्र. "पुढे उतरत नाही. तुम्ही जा. तिला सांगा, तुझी आई बोलली होती." मी हो म्हणालो. तेव्हा मला एक वाक्य बोलायचे होते. जन्मभर नको तिथे चालणारी माझी जीभ त्या वेळी टाळ्याला चिकटून बसली. "जाऊ द्या, पंत," मी म्हणालो, "जुनं झालं ते."

कार्ड आल्यानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी कुर्डुवाडीहून बार्शीची छोटी गाडी धरली. येसूबाईची मुलगी, गोदावरीबाई, शाळेमागेच राहते. घरात वह्यांचे गठ्ठे, दोरीवर वाळत घातलेली लहान मुलांची झबली. मी विष्णुपंतांचा निरोप सांगितला. वाटले ही रडेल, चिडेल, मला घराबाहेर काढील. तिने चहा पुढे ठेवला.

"आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "साहेबांनी ऐकलं, हे तिला कळलं होतं. ती म्हणायची, भला मानूस, लाजला बिचारा, मान खाली घातली. त्यांना तिनं कधी बोल लावला नाही. मत झालं नाही म्हटल्यावर उलट तिला वाटलं, बरं झालं, आता दिराला काय कळतंय? तिला मरेपर्यंत एकच उलगडलं नाही. आत चौघंच होते. मान हलली ती चौघांनीच पाहिली. मग आम्ही पायरी उतरायच्या आत काकांना कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, गाडीची वेळ झाली.

विष्णुपंतांचे ते पत्र मी तिच्या टेबलावर ठेवून आलो. कचेरीतले तेच ठसठशीत अक्षर, शेवटी शेवटी थरथरलेले. 'सौ. गोदावरीबाई यांस, तुमच्या मातोश्रींनी त्या दिवशी' एवढेच त्यात आहे आणि खाली सगळा कागद कोरा. तिने तो घडी न करता तसाच वह्यांवर ठेवला. इतक्या माणसांचे ऐकून घेतलेल्या त्या माणसाचे स्वतःचे म्हणून तेवढेच शब्द मागे उरले आहेत. परतीच्या गाडीत, आणि त्यानंतर रोज, तो कोरा भाग माझ्या डोळ्यांसमोर येतो. तो भरायचे काम त्यांचे नव्हते. वर्तमानपत्राची ही पुरवणी बार्शीला जाते, म्हणून इथेच लिहितो.

गोदावरीबाई, तुमच्या काकांना मी सांगितले. तलाठी तुमच्या आईचा अंगठा घेत होता तेवढ्यात मी पान थुंकायला बाहेर आलो. भगवंताने विचारले, "काय झालं आत?" आणि मी हसत हसत सांगून टाकले. कोणाचा द्वेष नव्हता, काही मिळायचे नव्हते. त्याने विचारले आणि मला ठाऊक होते, एवढेच. विष्णुपंतांना हे कधी कळले नाही. तुमची आई आपल्यामुळे देशोधडीला लागली असे समजून ते गेले, आणि ते तसे म्हणत होते तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो.